पाहुण्यांची मुंबई

लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या आमच्या पिढीला मुंबई दाखवली ती पाहुण्यांनी. एरवी मुंबईत राहणारा माणूस गेट वे बघायला कशाला जातोय? वडील गिरणीत तीन पाळ्यांत फिरत असायचे. पहिली पाळी असली की दुपारी झोप, रात्रपाळी असली की दिवसा झोप, आणि रविवारी राहिलेली झोप. आईला भाजी गल्लीतून बाहेर पडायला निमित्त लागायचं आणि ते निमित्तही बहुधा डिलाइल रोडवरच्या मावशीकडे जाऊन संपायचं. गावाहून कोणी आलं, की मात्र घरात फर्मान सुटायचं: “पोरांनो, ह्यांका मुंबय दाखवून आणा.”

आणि गावाहून कोणी ना कोणी सतत यायचंच. भातकापणी उरकली की सुरुवात व्हायची, ती शिमग्यापर्यंत. मे महिन्यात आणि गणपतीत आम्हीच तिकडे. निव्वळ मुंबई बघायला म्हणून क्वचितच कोणी आलेलं असे. एकाला केईएममध्ये पोटाचा फोटो काढायचा असायचा, दुसऱ्याला टाटात तपासून घ्यायचं असायचं, कोणी मुलाला गिरणीत बदली कामगार म्हणून चिकटवता येतंय का ते बघायला आलेला, कोणाचा दादरला लग्नाचा बस्ता. काम एका दिवसाचं, राहणं आठवड्याचं. दहा बाय बाराच्या खोलीत आधीच आठ माणसं. पाहुणा पुरुष असला तर गॅलरीत वळकटी, बाई असली तर आम्ही गॅलरीत. त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. वाटलं असलं तरी ते बोलून दाखवण्याइतका आडोसा खोलीत नव्हता.

मुंबई दाखवणाऱ्यांची एक टोळीच होती. साठच्या आगेमागे जन्मलेली आम्ही चुलत-आते भावंडं आणि चाळीतली सवंगडी मंडळी. थोरला चुलतभाऊ म्हणजे दादा हा म्होरक्या. कोपऱ्यातल्या खोलीतल्या मित्राचे वडील बेस्टमध्ये कंडक्टर, त्यामुळे कुठली बस कुठून कुठे जाते हे त्याला पाढ्यांसारखं पाठ. पैसे आतेबहिणीकडे, कारण ती रुमालाला मारलेली गाठ भेळवाल्याशिवाय कोणासाठी सोडत नसे. उरलेले आम्ही हात धरायला, पिशवी उचलायला आणि माहिती पुरवायला. ही माहिती आम्ही कुठून आणायचो ते विचारू नका. थोडी शाळेच्या पुस्तकातली, थोडी मोठ्यांच्या बोलण्यातून उचललेली आणि बाकीची जागच्या जागी तयार केलेली.

पहिला मान राणीच्या बागेचा. ती जवळ, आणि आंबेडकर रोड धरून चालत गेलं की बसचे पैसे वाचत. याच रस्त्यावरची ट्रॅम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. आमच्यातल्या दोघा-तिघांना ती जेमतेम आठवायची, पण आठवते असं सगळेच सांगायचे. चालता चालता “इथून ट्रॅम जायची” हे पाहुण्यांना सांगण्यात आम्हांला उगाचच मोठेपणा वाटे. बागेत गेल्यावर पाणघोडा तोंड उघडेपर्यंत हलायचं नाही, हा नियम. तो उघडत नसे. गावचा माणूस मोठा चिवट. जांभळाखाली जांभूळ पडायची वाट बघावी तसा पिंजऱ्याच्या कठड्याला टेकून उभा राहायचा आणि शेवटी पाणघोड्यालाच त्याची दया यायची. वाघाचं मात्र पाहुण्यांना फारसं अप्रूप नव्हतं. “आमच्या गोठ्यात येऊन वासरू नेल्यान तो ह्येच्यापेक्षा मोठो होतो,” असं एकदा गावच्या आबांनी तोंडावर सांगितलं, तेव्हा शेजारची मुंबईकर मंडळी वाघ सोडून आबांकडेच बघायला लागली. गोठ्यात आला होता तो बिबट्या असणार, पण आबांना अडवणार कोण!

प्राण्यांपेक्षा मला त्या बागेतलं दुसरंच काही अधिक लक्षात राहिलंय. शहराला नकोसं झालेलं पुष्कळ सामान तिथे आणून ठेवलेलं होतं. फोर्टातल्या काळा घोडा चौकात सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला पुतळा होता, तो १९६५ मध्ये उचलून इथे आणला. म्हणजे तेव्हा काळा घोडा या नावाच्या ठिकाणी घोडा नव्हता आणि घोडा जिथे होता त्या ठिकाणाचं नाव राणीची बाग. हे पाहुण्यांना समजावताना दादाची तारांबळ उडायची. संगमरवरातली व्हिक्टोरिया राणीही तिथेच. म्युझियमच्या बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा हे नाव पडलं. इंग्रजांनी १८६४ च्या सुमाराला तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. आम्हांला यातलं तेव्हा काही ठाऊक नव्हतं. आम्ही त्याच्या सावलीत बसून चपाती आणि बटाट्याची सुकी भाजी खायचो. १८७२ साली उघडलेल्या त्या म्युझियममध्ये, जे आता भाऊ दाजी लाडांच्या नावाचं आहे, नाना जातीजमातींचे आणि धंद्यांचे मातीचे छोटे पुतळे आहेत. गावची माणसं काचेला नाक लावून पगड्या आणि नेसण्याच्या तऱ्हा ओळखत बसायची. त्यांना कोणी माहिती सांगायची गरज नसे. उलट तिथे तीच आम्हांला सांगायची.

टाउनला जायचा दिवस निराळा. त्या दिवशी कपडे इस्त्रीचे, म्हणजे उशाखाली घडी घालून ठेवलेले. दुमजली बस आली की वरच्या मजल्यावरचं पुढचं बाकडं पकडायला आम्ही जिन्यावरून अशी झेप घ्यायचो की पाहुणे खालीच राहायचे. मरीन ड्राइव्हवरून जाणारी १२३ नंबरची दुमजली ही सगळ्यांची लाडकी. डाव्या-उजव्या खिडकीसाठी भांडण ठरलेलं. झाडाच्या फांद्या खिडकीवर सपकन आपटायच्या, बायका डोकं खाली घालायच्या, कंडक्टर तिकिटाच्या चिमट्याची टिकटिक करत वर यायचा. कंडक्टरच्या मुलाला सगळे कंडक्टर काका लागतात अशी आमची समजूत होती. तिकीट मात्र प्रत्येकाने पुरतं फाडलं.

गेट वेला पोहोचल्यावर आबांनी काय केलं ते आमच्या घरात अजून सांगतात. त्यांनी कमानीकडे पाहिलंसुद्धा नाही. समोरच्या बागेत शिवाजी महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे, २६ जानेवारी १९६१ ला त्याचं अनावरण झालं, आबा चपला काढून थेट तिकडे गेले, टोपी सारखी केली, नमस्कार केला आणि मग सावकाश वळून विचारलं, “आता तां काय दाखवतंस तां दाखय.” दादाने घोकलेलं म्हणून दाखवलं: पाचवा जॉर्ज राजा १९११ साली इथे उतरला, त्याच्या स्वागताला ही कमान. आबा म्हणाले, राजा उतरायच्या आधी बांधली की मागाहून? दादा गप्प. प्रश्न बिनतोड होता. राजा आला तेव्हा कमान नव्हतीच; पायाभरणी १९१३ ची आणि उद्घाटन १९२४ चं. ज्याच्या स्वागतासाठी ती बांधली तो येऊन केव्हाच गेला होता. तिचा मनापासून आठवावा असा उपयोग झाला तो २८ फेब्रुवारी १९४८ ला, गोऱ्या फौजेची शेवटची तुकडी याच कमानीतून बोटीकडे गेली तेव्हा. हे आबांना सांगता आलं असतं तर त्यांनी त्या कमानीलाही हात जोडले असते.

गेट वेवर गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोवाले असायचे. फोटो काढायचा, पैसे द्यायचे, वहीत पत्ता लिहून घ्यायचा. फोटो पोस्टाने येणार. धाकट्या काकांचं नवीन लग्न झालं तेव्हाचा फोटो आमच्याकडे आहे. काकी पोपटी नायलॉन साडीत, पदर डोक्यावरून, नजर कॅमेऱ्याकडे नाही. काका तिच्यापासून हातभर लांब, आणि मधल्या त्या हातभर जागेत, कोणी न बोलावता, आम्ही चौघं. नवरा-बायकोने एकट्याने गेट वेला जायची पद्धत नव्हती, म्हणून आजीने टोळी बरोबर लावून दिली होती. फोटोत कमानीचा एक खांब तेवढा आलाय. हा फोटो गावी पोहोचायला महिना लागला आणि तोवर “तो फोटोवालो फसवल्यान” हे गावात सिद्धही होऊन गेलं होतं.

समोरचं ताज बाहेरून. इथे एक सांगायला हवं, की आमची अर्धी मुंबई बाहेरूनच होती. ताज बाहेरून, सचिवालय बाहेरून, राजाबाई टॉवर खालून, मलबार हिलवरचे बंगले फाटकाच्या फटीतून. कार्टर रोडला राजेश खन्नाचा बंगला म्हणजे निव्वळ भिंत. आत जाता येत नाही याचं दुःख कोणाला नव्हतं. बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत याचाच आनंद. शिवाय बाहेर उभं राहून कितीही थापा मारता येत. ताजचा नकाशा उलटा वाचला गेला, हॉटेलाची पाठ समुद्राकडे झाली आणि ते बघून विलायती इंजिनियरने वरून उडी मारली, ही गोष्ट आम्ही इतक्या जणांना सांगितली असेल की तिला खरं व्हायला आमचा हातभार लागला. यात कणभर तथ्य नाही. १९०३ साली हॉटेल उघडलं तेव्हा गेट वे यायला वीस वर्षं होती, म्हणून आज समोर वाटणारी बाजू तेव्हा तशी नव्हती, एवढीच काय ती गोष्ट असेल. पण उडी मारलेला साहेब पाहुण्यांना फार आवडायचा. कुठल्या खिडकीतून, हेही ते विचारून घ्यायचे आणि आम्ही खिडकी दाखवायचो.

कोकणातल्या माणसाला समुद्र दाखवणं हे सगळ्यांत अवघड काम. चौपाटीवर नेलं की गावची आत्या म्हणायची, “ह्यो कसलो बघूचो? आमच्या माडांच्या मुळात आसा तो.” पाणी गढूळ, वाळूत शेंगांची टरफलं, होड्या नाहीत. पण लोकमान्यांचा पुतळा दाखवून, १९२० साली इथेच त्यांना अग्नी दिला, असं सांगितलं की ती पदर सावरून उभी राहायची. भेळ तिला मिळमिळीत वाटे. राणीचा रत्नहार, म्हणजे मरीन ड्राइव्हच्या दिव्यांची रांग, मात्र सगळ्यांना गप्प करी. संध्याकाळी मलबार हिलच्या टोकाला उभं राहायचं आणि दिवे लागायची वाट बघायची. लागले की एकदम वळसा उजळायचा. गावात तेव्हा वीज यायची होती.

हँगिंग गार्डनमध्ये पाहुण्यांची निराशा ठरलेली. “ही बाग लटकता खंय?” हा प्रश्न प्रत्येकाने विचारला, आणि प्रश्न रास्तच होता. सपाट बाग, कातरून केलेले हत्ती-घोडे, मेंदीची कुंपणं. १८८१ च्या सुमाराला ती केली ती पाण्याच्या मोठ्या टाकीवर, टाकी झाकावी म्हणून. फिरोजशहा मेहतांचं नाव आहे तिला. आपल्या पायाखाली अर्ध्या गावाला पुरेल इतकं पाणी आहे, हे आम्हांला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर गावच्या माणसांना ती बाग दसपट आवडली असती. एप्रिलमध्ये विहिरीचा तळ बघणारी माणसं ती. चाळीत तर नळ पहाटे दोन तास. रस्ता ओलांडला की कमला नेहरू पार्क आणि १९५२ साली बांधलेला म्हातारीचा बूट. इंग्रजी बडबडगीतातल्या म्हातारीचा तो, आणि आम्हांला ना ते गीत येत होतं ना ती म्हातारी कोण ते ठाऊक. “म्हातारी बुटात कित्या रवता?” याला आमच्यातल्या एकाने ठेवून दिलं, “तिची चाळ पडली.” काकीने बुटात शिरायला आधी नकार दिला आणि मग अशी शिरली की वरच्या खिडकीतून हाका मारून आम्हांलाच दमवलं. सासरी आल्यापासून तिला मोठ्याने बोलताना आम्ही तिथे पहिल्यांदा ऐकलं.

तारापोरवाला मत्स्यालयाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे गांभीर्य म्हणून काही राहायचंच नाही. १९५१ मध्ये राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं ते मरीन ड्राइव्हवरचं मत्स्यालय. निळसर उजेड, काचेआड मासे, पाट्यांवर नावं. पाट्या कोण वाचतोय! आत्या टाकीगणिक सांगत जायची, ह्येका काटो फार, ह्येचां तिखलां काय लागात, हो तळूकच होयो. मागे उभं असलेलं एक गुजराती कुटुंब हळूहळू सरकत बाहेर गेलं.

टोळीची खरी कसोटी पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला. त्या दिवशी पाहुणे असोत-नसोत, आख्खी चाळ लायटिंग बघायला बाहेर पडायची. मंडळ ट्रक ठरवायचं. फाळका पाडून आधी म्हाताऱ्या चढवायच्या, मग बायका, मग ताडपत्रीवर दाटीवाटीने पोरं, आणि कडेला लोंबकळायला तरुण मंडळी. ट्रकात दिवसभर काय वाहिलं असेल ते वासावरून कळायचं. एका वर्षी कांदे, एका वर्षी सुकी मासळी. व्ही. टी. म्हणजे या रोषणाईचा राजा. स्टीव्हन्ससाहेबाने दहा वर्षं खपून १८८८ मध्ये पुरी केलेली ती इमारत दिव्यांच्या माळांनी अशी उठून दिसायची की रोज तिथून लोकलने जाणारा माणूसही तोंड वासून बघायचा. समोर त्याच साहेबाने बांधलेली महापालिका. दोन्हीकडे बघायचं म्हणून माना गरागरा. व्ही. टी.च्या फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ बसलेत हे मला ट्रकच्या उंचीवरूनच पहिल्यांदा दिसलं. पुढे वाहतूक तुंबायची ती तुंबायचीच. रात्री एक वाजता बोरीबंदरला शेकडो ट्रक-टेंपो एकमेकांना चिकटून उभे, या ट्रकातून त्या ट्रकात पाण्याचा तांब्या फिरतोय, कोणी भजन लावलंय, कोणाचं पोर शेजारच्या ट्रकात जाऊन झोपलंय. त्या रात्री ओळखी होऊन पुढे सोयरीक जुळल्याचं एक उदाहरण आमच्याच मजल्यावर होतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि भोंगे थांबले. चार-सहा महिन्यांत मिटेल म्हणता म्हणता वर्ष लोटलं, आणि रीतसर तो मिटला असं कधी झालंच नाही. आमच्या मजल्यावरच्या पुष्कळ बिऱ्हाडांनी कुलपं लावली. बायका-मुलं गावी, पुरुष मिळेल ते काम करत खोली धरून. धाकटे काका-काकी दोन मुलांना घेऊन गावी गेले ते तिथलेच झाले. दादाने कॉलेज सोडून कुरिअरच्या बॅगा उचलल्या. पाहुणे यायचे बंद झाले, कारण येऊन राहायचं कोणाकडे? मुंबई दाखवणारी आमची टोळी त्या दोन वर्षांत मोडली. भांडण नाही, तंटा नाही. दिवा, बदलापूर, नालासोपारा, एक थेट कुडाळ. आणि मग नव्वदीनंतर केव्हातरी असं झालं, की ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना मुंबई दाखवली ती माणसं केईएममध्ये दाखवायला गावाहून यायला लागली आणि लालबागच्या नाक्यावर उतरून खोली कुठल्या अंगाला ते विचारायला लागली. गिरणीच्या जागी मॉल उभा राहिलेला, चाळीच्या जागी पत्रे ठोकलेले.

यंदा काकी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला आली. पंचाहत्तरी उलटलीय. काका नाहीत. दुसरा डोळाही उघडला तसं तिने जाहीर केलं, “आता माका मुंबय दाखवा.” फोनाफोनी झाली आणि उरलेली टोळी एका रविवारी दादरला जमली: गुडघ्याला पट्टा बांधलेला दादा, आतेबहीण, कंडक्टरचा मुलगा आणि मी. यादीवरून तासभर वाद. दुमजलीने जाऊ म्हटलं, तर जुन्या लाल दुमजल्या सप्टेंबर २०२३ मध्ये कायमच्या गेलेल्या. आता विजेवरच्या, गारेगार, बंद काचांच्या. फांद्या लागणार नाहीत, म्हणून कंडक्टरच्या मुलाने त्या नापास केल्या. राणीच्या बागेत पेंग्विन आलेत, पण चालवणार नाही. दादाची सून म्हणाली, जुनं कशाला, आता मुंबई बघायची म्हणजे सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू. तिचंही बरोबर आहे. काकीला तरी नवी मुंबई बघायला नको होती का? सुनेनेच गाडी काढली.

मरीन ड्राइव्हवरून निघून बोगद्यात शिरलो. दादा म्हणाला, “काकी, आपण मलबार हिलच्या पोटातनं चाललोय, वर तुझा बूट.” काकीने वर पाहिलं, गाडीचं छप्पर. दोन किलोमीटर बोगदा संपला तेव्हा ती म्हणाली की, बूट आतून बघितला होता तेव्हा बरा दिसला होता. पुढे समुद्रावरून वरळी आली आणि मग सी लिंक. साडेपाच किलोमीटरचा पूल, डोक्यावर तारांचे पंखे, दोन्हीकडे पाणी. देखणा आहे, यात शंका नाही. पण या नव्या पुलांची एक गंमत आहे, ते बघायला उभं राहता येत नाही. सी लिंकवर चालायला मनाई, थांबायला मनाई, दुचाकीला मनाई. अटल सेतू २१.८ किलोमीटर, तिथेही थांबलात तर पोलीस. ट्रकात बसून येणाऱ्या चाळीने हे बघायचं कुठून?

“गाडी थांबय गो जरा,” काकी पुढे झुकून म्हणाली, “नीट बघूक दी.”

सून म्हणाली, “इथे थांबता येत नाही काकी, दंड करतात.”

काकी मागे टेकली. पुलाचा दुसरा खांब खिडकीतून सर्रकन मागे गेला, टोलनाका आला. आतेबहिणीने सवयीने पर्स उघडली, तर सून म्हणाली, ते आपोआप कापून घेतात.

“पैशे घेतल्यानी?” काकीने विचारलं.

“घेतले.”

“मगे परत फिरय. माझां बघून झाला नाय.”